संगणकाची पहिली उत्तरे कोणाची?

(पुणे येथील एका अभ्यासमंडळात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणक विकत घेतला की तो घेणाऱ्याचा झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. पावतीवर नाव असते, पैसे चुकते केलेले असतात, यंत्र घरातल्या टेबलावर अथवा कचेरीतल्या खोलीत आलेले असते. मग मालकीविषयी शंका ती कोणती? परंतु शिलाईयंत्र आणि संगणक यांत एक महत्त्वाचा फरक आहे. शिलाईयंत्र कारखान्यातून येते तेच कामाला सिद्ध होऊन. संगणक मात्र त्याच्यावर कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, बसविली जाईपर्यंत निर्जीव पेटीच असतो. ती बसविण्याचे काम करणाऱ्या कार्यक्रमाला इन्स्टॉलर म्हणतात. त्याचे आयुष्य अर्ध्या-पाऊण तासाचे. काम उरकले की तो बाजूला होतो आणि पुढे त्याची कोणाला आठवणही राहत नाही.

पण त्या अर्ध्या तासात तो काही प्रश्न विचारतो. कारभार कोणत्या भाषेत चालायचा? डिस्कची वाटणी कशी करायची? यंत्राचा मुख्य कारभारी कोण आणि त्याची किल्ली कोणाच्या हाती? आतली माहिती कुलपात ठेवायची की उघडी? या प्रश्नांची जी उत्तरे त्या वेळी दिली जातात, त्यांच्यावरच पुढची पाच-सात वर्षे त्या यंत्राचा कारभार चालतो. म्हणून इन्स्टॉलर हा केवळ तंत्रज्ञांच्या जिव्हाळ्याचा विषय राहत नाही. अधिकार कोणाकडे जातात आणि ते कोणाच्या संमतीने जातात, हा त्यातला खरा प्रश्न आहे, आणि अशा प्रश्नांशी या व्यासपीठाचा जुना संबंध आहे.

पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात कोणत्याही दिवशी फेरफटका मारावा. ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या,’ एवढे सांगून ग्राहक चहाला जातो आणि तासाभराने चालू झालेले यंत्र घेऊन घरी परततो. मधल्या वेळात सगळ्या प्रश्नांची उत्तरे देऊन झालेली असतात. दुकानातल्या कारागिराने ती वाईट हेतूने दिलेली नसतात. दहा यंत्रे रांगेत उभी असतात आणि त्याला प्रत्येकाचे तेच उत्तर सोयीचे असते. तरीही ती उत्तरे मालकाची नसतात. तलाठ्याने वाचून दाखविलेल्या कागदावर अंगठा उठविणाऱ्या कुळाची जी स्थिती होती, तिच्याशी या स्थितीचे साम्य थोडेथोडके नाही. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा न वाचता येणाऱ्या कागदाचे बळी खेड्यात होते. आज न समजणाऱ्या पडद्याचे बळी शिकल्यासवरल्या शहरातही सापडतात.

प्रश्नांचा पूर आणि जाणत्यांचे राज्य

या विषयात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, इन्स्टॉलर इतका सोपा हवा की कोणालाही एक बटण दाबून काम भागविता यावे. दुसरा म्हणतो, यंत्राची जबाबदारी ज्याच्या शिरावर आहे त्या प्रशासकाला प्रत्येक गोष्ट आपल्या मनाप्रमाणे ठरविता आली पाहिजे. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ते कोठे आहे हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९९०च्या दशकात लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली घरच्या संगणकावर बसविणे हे एक व्रतच होते. इन्स्टॉलर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत प्रश्नामागून प्रश्न विचारीत असे. डिस्कचे किती भाग करायचे, अदलाबदलीची जागा किती ठेवायची, यंत्र सुरू करणारा कार्यक्रम डिस्कच्या नेमक्या कोणत्या ठिकाणी लिहायचा, हे सारे वापरणाऱ्याने सांगायचे. मॉनिटरच्या आडव्या आणि उभ्या कंपनसंख्याही त्यानेच पुरवायच्या, आणि त्या चुकल्या तर मॉनिटरला अपाय होऊ शकेल, अशी तंबीही वर मिळे. ज्याला हे साधले तो जाणता ठरे. ज्याला साधले नाही तो जाणत्याच्या दारी जाई.

जाणत्यांमध्ये उदार माणसे पुष्कळ होती, हे नमूद केलेच पाहिजे. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट उभा राहिला. मॉडेल कॉलनीतील सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत ‘ग्नूनिफाय’ हे संमेलन अनेक वर्षे भरत राहिले. अशा गटांतून विद्यार्थी आपले संगणक घेऊन यावेत आणि अनुभवी मंडळींनी शेजारी बसून त्यांवर लिनक्स बसवून द्यावे, अशी प्रथा जगभर पडली. तिच्यामागे सेवाभाव होता, शिकविण्याची हौस होती. पण जे ज्ञान केवळ शेजारी बसणाऱ्याच्या कृपेने मिळते ते लाखोंपर्यंत पोहोचत नाही. शिवाय, ज्या प्रश्नाचा अर्थच समजत नाही तो विचारल्याने माणूस स्वतंत्र होत नाही. त्याला निवडीचा देखावा मिळतो आणि चुकीची जबाबदारी तेवढी त्याच्या पदरात पडते. ‘सर्व अधिकार वापरणाऱ्याला’ या घोषणेखाली प्रत्यक्षात जाणत्यांचे राज्य चालू शकते, हा या कालखंडाचा धडा आहे.

सोपेपणाचा प्रामाणिक प्रयत्न

यावर उपाय म्हणून जे झाले त्यात दोन मार्ग लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला उबुंटूचा. २००४च्या ऑक्टोबरात ही लिनक्सची आवृत्ती प्रथम निघाली. २००६च्या जूनमध्ये आलेल्या आवृत्तीत सीडीवरून प्रणाली आधी चालवून पाहायची, पसंत पडली तर तेथूनच मोजक्या पायऱ्यांत डिस्कवर उतरवायची, अशी सोय झाली. ज्यांना डिस्कची खास रचना करायची होती त्यांच्यासाठी जुन्या पद्धतीची वेगळी सीडी २०१२पर्यंत निघत राहिली. म्हणजे सामान्यांचे दार वेगळे आणि प्रशासकांचे वेगळे.

दुसरा मार्ग डेबियनचा. २००५च्या जूनमध्ये तिचा नवा इन्स्टॉलर आला. त्याने दोन दारे केली नाहीत. प्रश्नांची प्रतवारी केली. ज्याच्या उत्तरावाचून काम अडेल असा प्रश्न सर्वांत वरचा, त्याखाली महत्त्वाचा, त्याखाली मध्यम, आणि ज्याचे ठरीव उत्तर जवळजवळ प्रत्येकाला चालेल असा प्रश्न सर्वांत खालचा. नेहमीच्या पद्धतीत फक्त वरचे प्रश्न पुढे येतात. तज्ज्ञांची पद्धत निवडली की खालचे सारे प्रश्नही येतात. यंत्रणा एकच, कोण किती खोल उतरतो एवढाच फरक. आज साधी पद्धत वापरणारा उद्या खोल उतरू शकतो आणि तेथे त्याला परके काही दिसत नाही. समाजरचनेच्या भाषेत सांगायचे तर पहिल्या मार्गात दोन वर्ग कायम राहतात, दुसऱ्यात एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाण्याची वाट मोकळी असते.

परत न फिरणारे प्रश्न

पण कोणता प्रश्न वरचा आणि कोणता खालचा, हे कोणत्या मापाने ठरवायचे? अवघडपणाच्या मापाने ठरविले तर फसगत होते, कारण अवघड प्रश्न नेमका महत्त्वाचाही असू शकतो. खरे माप असे असले पाहिजे की, उत्तर चुकले तर ते उद्या बदलता येईल काय? भिंतीवरचे चित्र, घड्याळाची वेळ, कळफलकाची मांडणी ही सारी पुढे केव्हाही बदलता येतात. त्यांच्याविषयी इन्स्टॉलरने स्वतःच तर्क करावा आणि पुढे चालावे. परंतु तीन प्रश्न वेगळ्या जातीचे आहेत.

त्यांतला पहिला वाटणीचा. ‘संपूर्ण डिस्क वापरा’ या सोप्या वाक्याचा अर्थ, आत जे आहे ते सर्व पुसून टाका, असा होतो. एखाद्या विद्यार्थ्याच्या संगणकावर विंडोज आहे, घरच्यांची छायाचित्रे आहेत, वर्षभराचा प्रकल्प आहे. त्याला शेजारी लिनक्स हवे आहे. त्याने घाईत पहिला पर्याय निवडला की त्या सोपेपणाची किंमत त्याला एका क्षणात कळते. जमिनीच्या वाटणीत निदान फेरफाराला हरकत घेण्याची मुदत असते. येथे मुदत नाही. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये वाटणीचे सर्व बदल आधी फक्त कागदावर, म्हणजे स्मृतीत, राहतात. मग कोणत्या डिस्कवर काय बदलणार याची यादी समोर येते आणि ‘हे बदल लिहायचे काय?’ असे विचारले जाते. त्या ठिकाणी आधीपासून निवडून ठेवलेले उत्तर ‘नाही’ हे असते. विनाशक पाऊल उचलण्यासाठी माणसाने हात हलविलाच पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. सोपेपणा आणि सावधपणा एकत्र नांदू शकतात याचे यापेक्षा नेटके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

दुसरा प्रश्न कारभाऱ्याचा. लिनक्सच्या घराण्यात ‘रूट’ नावाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याला सारे खुले. उबुंटूने त्याची स्वतंत्र किल्लीच ठेवली नाही. पहिला नोंदलेला वापरकर्ता स्वतःचा पासवर्ड देऊन गरजेपुरते ते अधिकार वापरतो. घरी हे उत्तम. पण चाळीस संगणकांच्या प्रयोगशाळेत यंत्रासमोर प्रथम बसलेला विद्यार्थी कारभारी झाला तर काय अनर्थ होईल, हे शिक्षकांना सांगायला नको. डेबियनने येथेही मधला मार्ग काढला: रूटचा पासवर्ड विचारायचा, तो रिकामा सोडला तर पहिल्या वापरकर्त्याला रूटची मुखत्यारी द्यायची, आणि हे त्याच पडद्यावर स्पष्ट लिहायचे. तिसरा प्रश्न कुलपाचा. डिस्क कूटबद्ध केली आणि किल्ली हरवली तर कोणताही कारागीर ती उघडू शकत नाही. म्हणून कुलूप लावताना त्याची किल्ली कोठे राहणार हे मालकाला माहीत असणे अत्यावश्यक आहे.

प्रशासकाची बाजू

सोपेपणाचे समर्थक प्रशासकाला पुष्कळदा हेकेखोर समजतात. तसे समजणे अन्यायाचे आहे. रात्री दोन वाजता बंद पडलेले यंत्र पुन्हा उभे करण्याची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्याला डिस्कवर काय कोठे आहे हे ठाऊक असावेच लागते. रुग्णालयाच्या, बँकेच्या किंवा विद्यापीठाच्या सर्व्हरवर एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर काम चालावे, नोंदींचा भाग भरून वाहिला तरी मुख्य प्रणाली बंद पडू नये, यासाठी वाटणी विचारपूर्वक करावी लागते. हा त्याचा हट्ट नव्हे. त्याच्यावर अवलंबून असलेल्या शेकडो माणसांची ती गरज असते.

या बाजूकडे दुर्लक्ष झाले की काय होते ते फेडोरा या प्रणालीच्या अठराव्या आवृत्तीने दाखविले. तिचा ‘अ‍ॅनाकोंडा’ नावाचा इन्स्टॉलर नव्याने लिहिला गेला. पूर्वी एकामागून एक पडदे येत. आता एका मध्यवर्ती पडद्यावरून वेगवेगळ्या विषयांकडे जाऊन परत यायचे, अशी चाकाच्या आऱ्यांसारखी रचना झाली. कल्पना चांगली होती. जेथे लक्ष देणे भाग आहे तेथे धोक्याची खूण, बाकी ठिकाणी ठरीव उत्तर तयार. परंतु काम वेळेत पुरे झाले नाही आणि २०१२च्या अखेरीस यायची ती आवृत्ती वारंवार लांबून १५ जानेवारी २०१३ रोजी आली. ‘झाले’ हे बटण पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असल्याने माणसे गोंधळली. त्याहून मोठी तक्रार वाटणीविषयी होती. नवी रचना ‘कोणत्या कामासाठी किती जागा हवी’ असे विचारी आणि ती जागा कोणत्या डिस्कवर कशी पडेल ते स्वतः ठरवी. प्रशासकाला नेमके उलट हवे होते: आधी डिस्क, मग तिच्यावरचे भाग. अखेर २०१७च्या जुलैमध्ये आलेल्या सव्विसाव्या आवृत्तीत त्या पद्धतीची वाटणी करण्याचा वेगळा पर्याय देण्यात आला. साडेचार वर्षे लागली, पण तक्रार ऐकली गेली. ऐकली जाऊ शकली, कारण रचना उघडी होती, चर्चा उघडी होती आणि सुधारणा करण्याचा अधिकार एका मालकापुरता मर्यादित नव्हता.

याच घराण्यातली आणखी एक रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रेड हॅटच्या परंपरेत ‘किकस्टार्ट’ नावाची एक साधी लेखी फाईल असते. इन्स्टॉलरने विचारायच्या प्रश्नांची उत्तरे तिच्यात आधीच लिहून ठेवली की पडद्यासमोर कोणी न बसता शंभर यंत्रे एकसारखी उभी राहतात. डेबियनमध्ये हेच काम ‘प्रीसीड’ करते. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, अ‍ॅनाकोंडाने हाताने बसविलेल्या यंत्रातही काम संपल्यावर दिलेल्या उत्तरांची तशीच फाईल मागे राहते. सभेचे इतिवृत्त असावे तशी. कोणी काय ठरविले ते उद्याच्या प्रशासकाला वाचता येते, तपासता येते, बदलता येते. प्रशासकाचे नियंत्रण लोकशाहीला मानवेल असे करायचे तर ते लेखी आणि तपासता येण्याजोगे असले पाहिजे. एका माणसाच्या डोक्यात राहिलेले नियंत्रण म्हणजे त्या माणसाची मक्तेदारीच होय.

मालकाविना सोपेपणा

आता सोपेपणाच्या दुसऱ्या जातीकडे वळले पाहिजे. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ ही प्रणाली आली. तिच्या घरगुती आवृत्तीने पहिल्याच बैठकीत इंटरनेटची जोडणी आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागितले. २०२२पासून व्यक्तिगत वापरासाठी बसविलेल्या व्यावसायिक आवृत्तीलाही तोच नियम लागू झाला. आडवाटा होत्या; त्याही कंपनी एकेक करून बंद करीत आली. २०२४च्या आवृत्तीपासून नव्याने प्रणाली बसविल्यावर डिस्क आपोआप कुलूपबंद होण्याची व्यवस्था पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक संगणकांवर लागू झाली, आणि त्या कुलपाची राखीव किल्ली कंपनीकडील खात्यात जमा होऊ लागली.

याचे समर्थन करणारे म्हणतात, चोरीला गेलेल्या संगणकातील माहिती सुरक्षित राहते, विसरलेली किल्ली परत मिळते, सामान्य माणसाला काही करावे लागत नाही. हे म्हणणे खोटे नाही, आणि ज्याचा लॅपटॉप एसटीत राहिला त्याला तर ते पटेलच. आक्षेप कुलपाला नाही. आक्षेप आहे तो विचारणा न झाल्याला. ज्या घरमालकाला दाराला कुलूप आहे हेच माहीत नाही, त्याला किल्ली कोठे आहे हे तरी कसे माहीत असणार? तपकीर गल्लीत कारागिराने घाईघाईने स्वतःचे खाते घालून यंत्र चालू करून दिले, तर त्या घरची राखीव किल्ली कोणाच्या नावे जमा होईल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

आणखी एक गोष्ट बोलकी आहे. मोठ्या कंपन्यांच्या आणि संस्थांच्या प्रशासकांना या सक्तीतून वाट ठेवलेली आहे. त्यांच्यासाठी वेगळ्या आवृत्त्या आहेत, उत्तरांच्या फाईली आहेत, शेकडो यंत्रे दुरून उभी करण्याची साधने आहेत. म्हणजे नियंत्रण नाहीसे झालेले नाही. ते खालून वर सरकले आहे. ज्याच्यापाशी पैसा आणि नोकरीला ठेवलेला तज्ज्ञ आहे त्याला निवड आहे. एकट्या नागरिकाला, लहान दुकानदाराला, गावच्या वाचनालयाला ती नाही. ‘तुमच्या सोयीसाठी’ या शब्दांमागे विषमता अशी निमूटपणे उभी राहते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला, त्यामुळे या प्रश्नाला निकड आली. विंडोज ११ला विशिष्ट सुरक्षा चिप आणि नव्या पिढीचे प्रोसेसर लागतात. चांगले चालणारे कित्येक संगणक त्या अटीत बसत नाहीत. शाळांच्या प्रयोगशाळांतून, सहकारी पतपेढ्यांतून, ग्रंथालयांतून असे संगणक आजही चालू आहेत. ते भंगारात घालायचे, असुरक्षित चालवायचे की त्यांच्यावर मुक्त प्रणाली बसवायची, हा निर्णय त्या त्या संस्थेला करावाच लागेल. तिसरा पर्याय निवडायचा तर इन्स्टॉलरच्या प्रश्नांना उत्तर देणारे कोणी तरी संस्थेत हवे.

मराठीतला पडदा

येथे पुण्याच्या एका मोलाच्या कामाची आठवण करून दिली पाहिजे. प्रश्न समजायचा तर तो आपल्या भाषेत हवा. परंतु जुन्या काळ्या पडद्यावर देवनागरी जोडाक्षरे उमटतच नसत. २००७च्या एप्रिलमध्ये डेबियनला चित्ररूप इन्स्टॉलर मिळाला तेव्हा भारतीय लिप्यांची वाट मोकळी झाली, आणि २००९च्या फेब्रुवारीत आलेल्या आवृत्तीत इन्स्टॉलरच्या भाषांमध्ये मराठीची भर पडली. त्याआधी २००४ साली रेड हॅटने ‘लोहित’ ही भारतीय लिप्यांची अक्षरमाला सर्वांना मुक्त केली. ती घडविणारी मॉड्युलर इन्फोटेक ही संस्था पुण्याचीच. पुढे रेड हॅटच्या पुण्यातील कार्यालयातून भाषांतराचे काम वर्षानुवर्षे चालले. २००८च्या सुमारास, संगणकाच्या पडद्यावर वारंवार येणारे शब्द भाषिक समाजाने एकत्र बसून ठरवावेत, यासाठी ‘फ्युएल’ हा उपक्रमही तेथूनच उभा राहिला.

या कामाची अडचण बाहेरच्याला चटकन उमगत नाही. ‘पार्टिशन’ला ‘विभाजन’ म्हटले तर कृतीचा बोध होतो, भागाचा होत नाही. ‘वाटणी’ म्हटले तर शेतकऱ्याच्या मुलाला क्षणात कळते, पण तंत्रज्ञाला तो शब्द हलका वाटतो. संस्कृतचा भार वाढला की वापरणारा वैतागून इंग्रजी निवडतो, आणि मग मराठी पडदा असून नसल्यासारखा होतो. त्यातही एक गाठ शिल्लक राहते. मराठीत नाव लिहिता येते, पण प्रवेशाचे नाव रोमन अक्षरांतच द्यावे लागते. कळफलक मराठी ठेवून पासवर्ड लिहिणारा पुढे दाराबाहेर उभा राहण्याचा धोका असतो. डेबियनच्या इन्स्टॉलरची एक सवय या बाबतीत अनुकरणीय आहे. निवडलेल्या भाषेतले भाषांतर अपुरे असेल तर तो तसे आधीच सांगतो आणि मग विचारतो, पुढे जायचे काय? आपल्या उणिवा वापरणाऱ्यासमोर मांडणारे यंत्र हे उणिवा झाकणाऱ्या यंत्रापेक्षा अधिक विश्वासाचे.

केरळचा धडा

हे सारे संस्थांच्या पातळीवर घडू शकते काय? केरळने त्याचे उत्तर दिले आहे. त्या राज्याच्या शालेय संगणक प्रकल्पाने, जो आज ‘काइट’ या नावाने ओळखला जातो, शाळांसाठी लिनक्सची स्वतःची आवृत्ती तयार केली. २०१९ साली तिची नवी आवृत्ती आली तेव्हा ती दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी होती, आणि परवान्यांच्या खर्चात सुमारे तीन हजार कोटी रुपयांची बचत होईल असा सरकारी अंदाज होता. शिक्षणाला लागणारे कार्यक्रम, मल्याळम भाषा, कळफलक हे सारे आधीच ठरवून दिलेले. म्हणजे मध्यवर्ती प्रशासकाने पुष्कळ उत्तरे स्वतः दिली आणि शिक्षकाचा भार हलका केला.

मग ही मध्यवर्ती सत्ता झाली नाही काय? झाली असती, जर ज्ञानही मध्यभागीच राहिले असते. पण शिक्षकांना प्रशिक्षण मिळाले आणि २०१८पासून ‘लिटल काइट्स’ या नावाने शाळाशाळांतून विद्यार्थ्यांची मंडळे उभी राहिली. ठरीव उत्तरे वरून आली, ती समजून घेण्याची आणि बदलण्याची क्षमता खाली पोहोचली. विकेंद्रीकरणाचा हाच अर्थ आहे. प्रत्येकाने प्रत्येक निर्णय पहिल्यापासून स्वतः करावा, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

महाराष्ट्राची तयारी याहून कमी नव्हती. सी-डॅकची स्थापना १९८८ साली पुण्यात झाली. याच संस्थेच्या चेन्नई केंद्रातून २००७ साली डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांची प्रणाली निघाली. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे. त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून लक्षावधी मराठी माणसे संगणकापुढे बसली. ही फार मोठी कामगिरी आहे. मात्र त्या शिक्षणाचा मुख्य भर वापरावर राहिला. पत्र लिहिणे, तक्ता करणे, ई-मेल पाठविणे माणसे शिकली; यंत्र उभे करणे आणि त्याचा कारभार पाहणे हे दुकानदाराकडे राहिले.

काय करता येईल?

तेव्हा सोपेपणा की नियंत्रण, हा वादच मुळात चुकीच्या जागी उभा आहे. पाहायचे ते एवढेच. बदलता येणारी उत्तरे यंत्राने खुशाल द्यावीत, पण दिली आहेत हे सांगावे. परत न फिरणारे प्रश्न थोडे असावेत, साध्या मराठीत असावेत आणि गप्प राहणाऱ्याचे नुकसान होणार नाही असे त्यांचे ठरीव उत्तर असावे. प्रशासकाची खोलवर जाणारी वाट त्याच दारातून निघावी आणि त्याने दिलेली उत्तरे लेखी मागे राहावीत. आणि किल्ली कोणाकडे आहे, हे मालकाला पहिल्या दिवशी कळावे.

यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. पुण्यातील महाविद्यालये, ग्रंथालये, कामगार संघटनांची कार्यालये आणि पतपेढ्या यांनी आपल्या यंत्रांची एक नोंदवही ठेवावी: कोणती प्रणाली, कोणी बसविली, कारभारी कोण, राखीव किल्ली कोठे. महिन्यातून एक शनिवार विद्यार्थ्यांनी अशा संस्थेत जावे आणि जुन्या यंत्रांवर मुक्त प्रणाली बसवावी. मात्र स्वतः कळफलकावर बसू नये. संस्थेच्या कारकुनाला बसवावे, आपण शेजारी उभे राहावे आणि प्रत्येक पडदा त्याला मोठ्याने वाचायला लावावा. काम तासाऐवजी तीन तास चालेल. पण संध्याकाळी त्या कचेरीत असा एक माणूस असेल की ज्याला यंत्राने विचारलेले प्रश्न समजले आहेत आणि ज्याची उत्तरे त्याची स्वतःची आहेत. पुढच्या महिन्यात शेजारच्या संस्थेत तोच शिकवायला जाईल.